लॉगिन अडतंय कुठे? फायरवॉलमागच्या ऑफिस नेटवर्कमध्ये दोष शोधण्याची पद्धत

ऑफिसातल्या संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत पडद्याआड बरंच काही घडतं. संगणकाकडे नेटवर्कवरचा पत्ता असावा लागतो. तो डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारून डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती तपासणारा सर्व्हर शोधतो, त्याच्याकडे केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं तिकीट मागतो, ते मिळालं की धोरणं (ऑफिसने ठरवलेल्या सेटिंग) आणि सामायिक ड्राइव्ह जोडून घेतो. यातली एक पायरी निसटली तरी वापरणाऱ्याला दिसतं ते एकच: लॉगिन होत नाही. मध्ये फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा नियमांप्रमाणे सोडणारी किंवा अडवणारी यंत्रणा) असेल तर संशयाची सुई आधी तिच्याकडे वळते.

कधी तो संशय खरा ठरतो, पण फार वेळा दोष दुसरीकडेच असतो आणि तोवर कुणीतरी 'बघू तरी' म्हणून फायरवॉल बंद केलेली असते. असं करू नका. फायरवॉल बंद केल्यावर लॉगिन झालं तरी कोणता नियम अडवत होता हे कळत नाही. झालं नाही तर तेवढा वेळ सगळं नेटवर्क उघडं पडलेलं असतं. इथे सांगितलेल्या पद्धतीत काहीही बंद न करता नेमकी अडलेली पायरी शोधता येते. विंडोजचे संगणक आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन (ऑफिसातली खाती आणि संगणक एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) धरून हे लिहिलं आहे. फायरवॉलचं स्वतःचं लॉगिन पान, प्रॉक्सी (इंटरनेटच्या विनंत्या पुढे नेणारा मध्यस्थ), वाय-फाय आणि व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) यांचे प्रश्न वेगळे असल्याने ते शेवटी घेतले आहेत.

आधी हे ऐका: नकार आला की शांतता?

पुढची प्रत्येक चाचणी या एका प्रश्नावर उभी आहे. दार ठोठावल्यावर आतून 'नाही' असं उत्तर आलं तर आत माणूस आहे हे नक्की होतं. काहीच आवाज आला नाही तर आपली थाप आतपर्यंत पोहोचली का, हेच कळत नाही. नेटवर्कचंही तसंच आहे.

पासवर्ड टाकल्याबरोबर, क्षणात त्रुटी आली तर बहुधा सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचली आणि त्याने नकार दिला. दोष खात्यात, पासवर्डमध्ये, घड्याळात किंवा परवानगीत शोधा. 'वेलकम'चं चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि मग त्रुटी आली, तर कुणीच उत्तर दिलं नाही. अशा वेळी रस्ता तपासायचा: तार, डीएनएस, राउटिंग (माहिती कुठल्या वाटेने जाते ते), फायरवॉल. बहुतेक फायरवॉल अडवलेला पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) गुपचूप टाकून देतात, नकार कळवत नाहीत. विंडोजची स्वतःची फायरवॉलही बंद पोर्टवर (सेवेच्या क्रमांक दिलेल्या दारावर) आलेल्या विनंतीला उत्तर देत नाही. म्हणून उत्तराला लागलेला वेळ हा पुरावा असतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तो मोजा आणि लिहून ठेवा.

संगणकाला हात लावण्याआधी

वापरणाऱ्याकडून त्रुटीचा संदेश शब्दशः घ्या, शक्य असेल तर फोटो घ्या. 'पासवर्ड चुकीचा सांगतोय' असं तोंडी कळतं आणि पडद्यावर प्रत्यक्षात 'डोमेन उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असतं. या दोन वाक्यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

मग दोन अदलाबदली करा. तीच व्यक्ती शेजारच्या संगणकावर लॉगिन करून पाहू दे, आणि दुसरी एखादी व्यक्ती अडलेल्या संगणकावर. पहिली व्यक्ती दोन्हीकडे अडली तर दोष खात्यात आहे. अडलेल्या संगणकावर दोघंही अडली तर संगणकात किंवा त्याच्या जोडणीत. एकाच मजल्यावरचे किंवा एकाच व्हीलॅनमधले (नेटवर्कच्या एकाच वेगळ्या काढलेल्या भागातले) सगळे अडले असतील तर स्विच, डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सेवा) किंवा फायरवॉलचा नियम, आणि अख्खं ऑफिस अडलं असेल तर डोमेन कंट्रोलर किंवा डीएनएस सर्व्हर पाहा. या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात आणि त्या निम्मं काम उरकतात. तरी घाईत सर्वांत आधी त्याच वगळल्या जातात, याचं मला वाईट वाटतं.

या दुसऱ्या चाचणीत एक फसवी जागा आहे. विंडोज आधी लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांची ओळख संगणकातच साठवून ठेवतं, मूळ सेटिंगप्रमाणे शेवटच्या १० जणांची. त्यामुळे नेटवर्कची तार काढून ठेवली तरी नेहमीचा माणूस आरामात आत जातो. 'माझं तर होतंय' या वाक्यावरून डोमेनशी संपर्क आहे असं मानू नका. चाचणीसाठी त्या संगणकावर पूर्वी कधीच न बसलेली व्यक्ती निवडा. लॉग पाहता येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाच्या नोंदीत लॉगिनचा प्रकार ११ दिसतो का पाहा. ११ म्हणजे साठवलेल्या ओळखीवर मिळालेला प्रवेश.

आणखी एक गोष्ट. पासवर्ड नीट टाइप होतोय का हे बघायला लोक तो नावाच्या चौकटीत टाकून पाहतात. चुकून एंटर दाबलं गेलं तर फसलेल्या लॉगिनच्या नोंदीत 'वापरकर्त्याचं नाव' म्हणून तो पासवर्ड उघड्या अक्षरांत जाऊन बसतो. लॉगिन पडद्यावर डोळ्याचं चिन्ह असतं, ते वापरा. कीबोर्डची भाषाही तिथेच दिसते. ती बदललेली असणं हे कारण वाटतं त्यापेक्षा अधिक वेळा निघतं.

पायरी १: पत्ता मिळाला का?

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही कमांड 'ऑल' या पर्यायासह चालवा. लॉगिनच होत नसेल तर त्या संगणकाच्या स्थानिक अॅडमिन खात्याने आत जा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. इथे थांबा, पुढचं काही तपासू नका. तार, डॉकिंग स्टेशन, स्विचचा पोर्ट आणि डीएचसीपी सर्व्हर पाहा. पत्ता मिळालाय पण तो शेजारच्या संगणकापेक्षा वेगळ्या श्रेणीतला असेल तर संगणक चुकीच्या व्हीलॅनमध्ये, कदाचित पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कमध्ये पडला आहे. तिथून डोमेन कंट्रोलरकडे जाणारा रस्ता फायरवॉलने बंद ठेवलेला असणार आणि तो बंद असणंच योग्य आहे. नियम बदलायला सांगू नका, संगणकाला त्याच्या जागी आणा.

पायरी २: डीएनएस

मला एकच पायरी तपासायला मिळाली तर मी ही निवडेन. डोमेनमधला संगणक डोमेन कंट्रोलरचा पत्ता पाठ ठेवत नाही. प्रत्येक वेळी तो डीएनएसकडे खास सेवा-नोंदी मागतो, ज्यांना एसआरव्ही रेकॉर्ड म्हणतात. या नोंदी ऑफिसच्या अंतर्गत डीएनएस सर्व्हरवरच असतात.

आयपीकॉन्फिगच्या उत्तरात डीएनएस सर्व्हरच्या ओळी वाचा. तिथे गूगलचा ८.८.८.८ किंवा दुसरा कुठला सार्वजनिक सर्व्हर दिसला तर दोष बहुधा सापडला. 'दुसरा पर्याय म्हणून राहू दे' अशा सद्हेतूने तो घातलेला असतो. अंतर्गत सर्व्हरने एकदा उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं. त्या सर्व्हरला तुमच्या डोमेनचं नावही ठाऊक नसतं, तो ठामपणे 'असं काही नाही' सांगतो आणि लॉगिन अडतं. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत होतं आणि 'अधूनमधून होतं' अशी तक्रार महिनोन् महिने चालू राहते. डोमेनमधल्या संगणकावर फक्त अंतर्गत डीएनएस सर्व्हर ठेवा. बाहेरच्या नावांची चौकशी तो सर्व्हर पुढे पाठवेल.

डोमेन कंट्रोलर सापडतोय का हे पाहायला एनएलटेस्ट ही कमांड 'डीएसगेटडीसी' या पर्यायासह, पुढे डोमेनचं नाव देऊन चालवा. कंट्रोलरचं नाव आणि पत्ता आला तर ही पायरी पार पडली. १३५५ हा त्रुटी क्रमांक आला तर डोमेन सापडलं नाही किंवा त्याच्याशी संपर्क झाला नाही. मग एनएसलुकअप या कमांडने डीएनएसला डोमेनचं नाव विचारा. पत्ता मिळत असेल तर नाव कळतंय, रस्ता बंद आहे, म्हणून पायरी ४ कडे जा. मिळत नसेल तर डीएनएस दुरुस्त करा. दुरुस्तीनंतर आयपीकॉन्फिग 'फ्लशडीएनएस' पर्यायासह चालवायला विसरू नका, नाहीतर जुनं उत्तरच काही काळ वापरलं जाईल.

पायरी ३: घड्याळ

केर्बेरॉसच्या तिकिटांवर वेळ छापलेली असते. कुणी जुनं तिकीट पकडून पुन्हा वापरू नये यासाठी. संगणक आणि डोमेन कंट्रोलर यांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की मूळ सेटिंगप्रमाणे तिकीट नाकारलं जातं. शेअर (सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर) जोडताना १३९८ ही त्रुटी दिसली तर ती हेच सांगते.

पडद्यावरची वेळ बरोबर दिसली म्हणून समाधान मानू नका. केर्बेरॉस जागतिक वेळ पाहतं. टाइम झोन चुकलेला असताना कुणी हाताने काटे 'बरोबर' केले असतील तर जागतिक वेळ कित्येक तासांनी चुकलेली असते. आधी टाइम झोन तपासा, मग वेळ. डब्ल्यू३२टीएम या कमांडला 'स्ट्रिपचार्ट' पर्याय आणि डोमेन कंट्रोलरचं नाव दिलं की फरक सेकंदांत दिसतो. हीच कमांड उत्तराशिवाय संपली तर यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवण्याची पद्धत) १२३ हा पोर्ट मध्ये कुठेतरी अडतोय असं समजा. फरक असेल तर 'रीसिंक' पर्याय चालवा. दर वेळी संगणक बंद करून सुरू केल्यावर वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी बदला. व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) असेल तर यजमान सर्व्हरचं घड्याळ पाहा, कारण पाहुणी मशीन कधी कधी त्याच्यावरून आपली वेळ लावते.

पायरी ४: पोर्ट

इथे फायरवॉलची खरी चौकशी सुरू होते. संगणकाकडून डोमेन कंट्रोलरकडे हे पोर्ट खुले असावे लागतात: डीएनएससाठी ५३, केर्बेरॉससाठी ८८, आरपीसीच्या (दुसऱ्या संगणकाकडून काम करून घेण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या संपर्कासाठी १३५, एलडॅपसाठी (खात्यांची माहिती विचारण्याच्या पद्धतीसाठी) ३८९, फाइल शेअर आणि धोरणांसाठी ४४५, पासवर्ड बदलण्यासाठी ४६४, ग्लोबल कॅटलॉगसाठी (सगळ्या डोमेनांच्या एकत्रित सूचीसाठी) ३२६८. एलडॅप कूटबद्ध असेल तर ६३६ आणि ३२६९. वेळेसाठी यूडीपी १२३. याखेरीज आरपीसीचे बदलते पोर्ट, ४९१५२ ते ६५५३५.

यातल्या शेवटच्या ओळीवर ऑफिसं अडकतात. १३५ वर संपर्क झाला की सर्व्हर सांगतो, 'पुढचं बोलणं अमुक पोर्टवर', आणि तो अमुक पोर्ट या मोठ्या श्रेणीतला कुठलाही असू शकतो. जुन्या विंडोजमध्ये ही श्रेणी १०२५ ते ५००० होती. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून ती बदलली. जुन्या काळी लिहिलेले नियम नव्या फायरवॉलवर तसेच उतरवले की विचित्र लक्षणं दिसतात: जुन्या वापरकर्त्यांचं लॉगिन होतं, पण धोरणं लागू होत नाहीत, डोमेनमध्ये नवा संगणक जोडता येत नाही. पासवर्ड बदलताना मात्र अडत असेल तर आधी ४६४ पाहा. असं अर्धवट चालणारं काही दिसलं तर नियमांची यादी मागवून या श्रेणीवरच बोट ठेवा. एवढी मोठी श्रेणी उघडायची नसेल तर आधुनिक फायरवॉल १३५ वरचं संभाषण वाचून लागेल तोच पोर्ट तात्पुरता उघडू शकतात. सर्व्हरवर श्रेणी लहान करण्याचीही सोय आहे.

चाचणीसाठी पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड, कंट्रोलरचं नाव आणि पोर्ट क्रमांक देऊन चालवा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर रस्ता खुला आहे. 'फॉल्स' आलं तर ते लगेच आलं की थांबून, हे बघा. लगेच आलेला नकार म्हणजे पॅकेट पोहोचला पण तिथे ती सेवा चालू नाही, किंवा फायरवॉल नकार कळवणारी आहे. थांबून आलेला म्हणजे वाटेत पॅकेट गिळला गेला. ही कमांड फक्त टीसीपी (आधी जोडणी करून मग बोलण्याची पद्धत) तपासते. यूडीपीसाठी एनएसलुकअप आणि वर सांगितलेली घड्याळाची कमांड वापरा.

पिंगवर मात्र निर्णय करू नका. कित्येक फायरवॉल पिंग मुद्दाम अडवतात आणि बाकी सगळं सोडतात. पिंग आलं नाही म्हणून सर्व्हर बंद नसतो, आलं म्हणून ८८ खुला नसतो.

नियम बरोबर असूनही पॅकेट पडत असतील तर दोन जागा पाहा. एक, नियमांचा क्रम: बहुतेक फायरवॉल वरून खाली वाचतात आणि पहिल्या लागू नियमाला थांबतात, त्यामुळे वरचा एखादा ढोबळ 'नाही' खालचा नेमका 'हो' निकामी करतो. दोन, परतीचा रस्ता: विनंती एका फायरवॉलमधून गेली आणि उत्तर दुसऱ्या मार्गाने आलं तर संभाषणाचा हिशेब ठेवणारी फायरवॉल ते उत्तर अनोळखी समजून टाकून देते. दोन इंटरनेट जोडण्या किंवा दोन कोअर स्विच असलेल्या ऑफिसांत हे घडतं.

वीज जाऊन आल्यानंतर सगळ्यांचंच लॉगिन बंद पडलं असेल तर डोमेन कंट्रोलरवर जाऊन त्याच्या विंडोज फायरवॉलचं प्रोफाइल पाहा. सुरू होताना नेटवर्क नीट ओळखता आलं नाही तर ते 'डोमेन'ऐवजी 'पब्लिक' होतं आणि सर्व्हर येणाऱ्या विनंत्या अडवू लागतो. नेटवर्क अॅडॉप्टर बंद करून पुन्हा सुरू केला की बहुधा प्रोफाइल जागेवर येतं.

पायरी ५: सर्व्हरच्या लॉगला विचारा

फायरवॉल दोषी आहे की नाही याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा पुरावा फायरवॉलवर नसतो, डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये असतो. वापरणाऱ्याला एकदा लॉगिन करायला सांगा, वेळ टिपा आणि त्या मिनिटाच्या नोंदी पाहा. एकापेक्षा जास्त कंट्रोलर असतील तर सगळ्यांच्या पाहा, आणि फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी ठेवण्याचं धोरण चालू आहे याची आधी खात्री करा. नोंद सापडली, म्हणजे विनंती पोहोचली, म्हणजे फायरवॉलने ती अडवलेली नाही. कुठल्याच कंट्रोलरवर काहीही सापडलं नाही तर विनंती वाटेतच संपली.

नोंदींचे क्रमांक लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ४७७१ म्हणजे केर्बेरॉसच्या पहिल्या तपासणीत फसलेला प्रयत्न. ४७७६ म्हणजे एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतीने झालेली पडताळणी. ४७४० म्हणजे खातं लॉक झालं. ४६२५ ही फसलेल्या लॉगिनची नोंद ज्या संगणकावर प्रयत्न झाला तिथे मिळते आणि तिच्यातल्या 'सबस्टेटस' आकड्याचा शेवट खरं कारण सांगतो. शेवट ६ए असेल तर पासवर्ड चुकीचा. ६४ असेल तर त्या नावाचं खातंच नाही, नाव किंवा डोमेन चुकलंय. २३४ म्हणजे खातं लॉक, ७२ म्हणजे खातं बंद केलेलं, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, २२४ म्हणजे आधी पासवर्ड बदलणं भाग आहे, १९३ म्हणजे खात्याची मुदत संपली. ६एफ आला तर ठरलेल्या वेळेबाहेर लॉगिनचा प्रयत्न आहे, ७० आला तर त्या संगणकावर बसायची परवानगी नाही, १३३ आला तर पुन्हा घड्याळ.

खातं उघडून दिल्यावर ते थोड्याच वेळात पुन्हा लॉक होत असेल तर कुठेतरी जुना पासवर्ड अजून वापरला जातोय. ४७४० च्या नोंदीत विनंती कुठल्या संगणकावरून आली त्याचं नाव असतं, आधी तिथे जा. तिथल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधले जतन पासवर्ड, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह, शेड्यूल केलेली कामं, त्या व्यक्तीच्या नावाने चालणाऱ्या सेवा आणि लॉगऑफ न करता सोडून दिलेलं रिमोट डेस्कटॉप सत्र तपासा. संगणकाचं नाव ओळखीचं नसेल तर त्या व्यक्तीचा फोन पाहा. ऑफिसच्या वाय-फायचा किंवा मेलचा जुना पासवर्ड तो दिवसभर पाठवत असतो.

संगणकाचं डोमेनशी नातं तुटलं असेल तर

'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश आला तर दोष माणसाच्या पासवर्डचा नाही. डोमेनमधल्या प्रत्येक संगणकाचा स्वतःचाही पासवर्ड असतो आणि संगणक तो मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० दिवसांनी बदलतो. बरेच जण समजतात की संगणक खूप दिवस बंद राहिला म्हणून नातं तुटतं. तसं नाही. बदल संगणकाच्या बाजूनेच सुरू होत असल्याने तो बंद असताना पासवर्ड दोन्हीकडे तसाच राहतो. नातं तुटतं ते जुन्या बॅकअपवरून किंवा स्नॅपशॉटवरून संगणक परत उभा केल्यावर, त्याच नावाचा दुसरा संगणक डोमेनमध्ये जोडल्यावर किंवा साफसफाईत संगणकाचं खातं पुसलं गेल्यावर.

दुरुस्तीसाठी स्थानिक अॅडमिनने आत जा आणि पॉवरशेलमध्ये टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही कमांड 'रिपेअर' पर्यायासह, परवानगी असलेलं डोमेन खातं देऊन चालवा. संगणकाचं खातं पुसलेलं नसेल तर डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्याची गरज सहसा पडत नाही. काढायची वेळ आलीच तर स्थानिक अॅडमिनचा पासवर्ड खरंच चालतो का हे आधी तपासा, नाहीतर त्या संगणकात कुणालाच शिरता येणार नाही.

लॉगिन झालं, पण शेअर उघडत नाही

सर्व्हरचं नाव देऊन फोल्डर उघडत नाही आणि आयपी पत्ता देऊन उघडतो, असं झालं तर ही खूण जपून वाचा. नावाने गेल्यावर केर्बेरॉस वापरलं जातं, पत्त्याने गेल्यावर साधारणपणे एनटीएलएम. म्हणजे ४४५ खुला आहे आणि घोटाळा डीएनएस, घड्याळ किंवा तिकिटात आहे. केलिस्ट कमांडने तिकिटं पाहा, 'पर्ज' पर्यायाने पुसा आणि लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करा. पत्त्याने उघडतंय म्हणून तसाच शॉर्टकट करून देऊ नका, मूळ दोष तसाच राहतो.

त्रुटी क्रमांकांचे अर्थही वेगवेगळे आहेत. ५३ म्हणजे रस्ताच सापडला नाही, ५ म्हणजे पोहोचलात पण परवानगी नाही, १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा, १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी चालू आहे. यातल्या फक्त ५३ साठी फायरवॉलकडे बघावं.

फायरवॉलचं लॉगिन पान आणि प्रॉक्सी

काही ऑफिसांत विंडोजमध्ये शिरल्यावर इंटरनेटसाठी फायरवॉल पुन्हा नाव-पासवर्ड विचारते. ते पान उघडतच नाही ही नेहमीची तक्रार. कारण सोपं आहे: पान दाखवण्यासाठी फायरवॉलला तुमची विनंती वळवावी लागते, आणि कूटबद्ध संकेतस्थळाची विनंती प्रमाणपत्राची तक्रार न येता वळवता येत नाही. आजकाल जवळजवळ सगळी संकेतस्थळं कूटबद्धच असतात. ब्राउझरमध्ये फायरवॉलच्या लॉगिन पानाचा पत्ता थेट टाका, किंवा साध्या एचटीटीपीचं एखादं पान उघडा. प्रमाणपत्राचा इशारा आला तर डोळे मिटून पुढे जाऊ नका. ऑफिसचं प्रमाणपत्र संगणकात बसवून घ्या. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्र-यादी ठेवत असल्याने इशारा फक्त तिथेच येत असेल तर कारण तेच असू शकतं.

काही फायरवॉल लॉगिन पान न दाखवता डोमेन कंट्रोलरच्या लॉगवरून 'या पत्त्यावर ही व्यक्ती बसली आहे' असं ओळखतात. लॅपटॉप डॉकवरून काढून वाय-फायवर आणला की पत्ता बदलतो आणि फायरवॉलला व्यक्ती अनोळखी होते. संगणक लॉक करून पुन्हा उघडला की नवी नोंद तयार होते आणि बहुधा इंटरनेट परत येतं. सगळ्यांनाच हा त्रास होत असेल तर फायरवॉलची ती नोंद किती वेळात शिळी होते ते तपासायला सांगा.

मध्ये प्रॉक्सी असेल तर ४०७ हा आकडा म्हणजे प्रॉक्सीला ओळख हवी आहे, आणि ४०३ म्हणजे विनंती समजली पण परवानगी नाही. ब्राउझर चालतो पण एखादा प्रोग्रॅम लॉगिन होत नाही, असं असेल तर त्याला प्रॉक्सी माहीत नसेल. विंडोजमध्ये ब्राउझरची प्रॉक्सी आणि सेवांची प्रॉक्सी वेगळी असते. दुसरी पाहायला नेटशेलमध्ये 'विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' चालवा.

वाय-फाय आणि व्हीपीएन

वाय-फायवर डोमेनच्या नाव-पासवर्डने किंवा प्रमाणपत्राने प्रवेश असेल तर मध्ये ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर असतो, यूडीपी १८१२ आणि १८१३ वर. जुन्या उपकरणांत १६४५ आणि १६४६. एका दिवशी अचानक सगळ्यांचं वाय-फाय बंद पडलं तर सर्वांत आधी त्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत पाहा. तारेच्या जोडणीवरही अशी तपासणी लावली असेल तर संगणकावर 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' ही सेवा चालू असावी लागते.

व्हीपीएनवरचा नेहमीचा घोळ असा: घरून पासवर्ड बदलला, व्हीपीएन नव्या पासवर्डने जोडलं जातं, पण विंडोज जुनाच मागतं. लॅपटॉपने ओळख स्वतःकडे साठवलेली असल्याने त्याला बदल कळलेला नसतो. जुन्या पासवर्डने आत जा, व्हीपीएन जोडा, जोडलेलं असतानाच विंडोज आणि एल ही बटणं दाबून पडदा लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. साठवलेली ओळख तिथल्या तिथे बदलते.

फायरवॉल सांभाळणाऱ्यांकडे जाताना

'लॉगिन होत नाही, फायरवॉल बघा' अशा विनंतीवर कुणालाच काही करता येत नाही. पुढच्या गोष्टी द्या: अडलेल्या संगणकाचा पत्ता, डोमेन कंट्रोलरचा पत्ता, पोर्ट आणि तो टीसीपी की यूडीपी, प्रयत्नाची सेकंदापर्यंतची वेळ, आणि चालणाऱ्या शेजारच्या संगणकाचा पत्ता तुलनेसाठी. सोबत तुमच्या चाचण्यांचं उत्तर जोडा: पत्ता बरोबर, डीएनएस बरोबर, घड्याळ बरोबर, अमुक पोर्टवर शांतता, सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद नाही. एवढं हातात असेल तर समोरचा माणूस आपल्या लॉगमध्ये नेमकी ओळ काढू शकतो.

तरी एकमत होत नसेल तर दोन्ही टोकांना एकाच वेळी वायरशार्क (ये-जा करणारे पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्रॅम) लावा. संगणकाकडून निघालेला पहिला पॅकेट सर्व्हरच्या बाजूला दिसला नाही तर जाताना अडला. सर्व्हरने उत्तर पाठवलेलं दिसतंय आणि संगणकाकडे आलं नाही तर येताना अडला. या दोन चित्रांपुढे वाद उरत नाही.

नियम बदलून मिळाला की आधी फक्त त्या पोर्टची चाचणी पुन्हा करा. मग संगणक रीस्टार्ट करून, पूर्वी तिथे न बसलेल्या व्यक्तीला लॉगिन करायला सांगा, केलिस्टमध्ये तिकिटं आली का पाहा आणि जीपीअपडेट चालवून धोरणं लागू होतात का तपासा. शोधाच्या काळात तात्पुरते म्हणून उघडलेले नियम त्याच दिवशी काढायला लावा, आणि ते काढल्यावर लॉगिन आणखी एकदा करून बघा.